व्हेरी पुअर

शुभांगी पिंगळेला काळजी करायला कारण लागत नसे. मळ्यातली मोटर चालू असली की ती जळेल म्हणून काळजी, बंद पडली की लाईट कधी येणार म्हणून काळजी. नवरा फूलबाजारातून लवकर परतला तर माल कुणी घेतलाच नाही की काय म्हणून ती रिकामे क्रेट मोजायला धावायची. उशीर झाला तर विचारायलाच नको, दर पाच मिनिटांनी रस्त्यापर्यंत चकरा. तिची सासू नवसाबाई म्हणायची, "हिला देवानं दोन कान दिले, ते निसते वाईट ऐकायला." बोलणं तिरकस होतं खरं, पण नाशिकला लागून असलेल्या मखमलाबादच्या त्या मळ्यात राहणाऱ्या कुणालाही ते खोटं म्हणता आलं नसतं.

मूळची ती देवळ्याकडची. कांद्याच्या चाळीशेजारी बसून तिनं दहावीचा अभ्यास केला आणि बाकी सगळ्या विषयांत पास होऊन इंग्रजीत गचकली. वडिलांनी तिला पुन्हा परीक्षेला बसवायच्या ऐवजी बोहल्यावर उभं केलं. त्या इंग्रजीतलं तिच्याजवळ काय उरलं, तर विरुद्धार्थी शब्द. बाईंनी ते उभं करून करून पाठ करून घेतले होते. बिग-स्मॉल, डे-नाइट, रिच-पुअर. रिच म्हणजे श्रीमंत, पुअर म्हणजे गरीब. झेंडू तोडता तोडता अजूनही ते तिच्या तोंडात यायचे, आणि त्या घरात इंग्रजी येणारी म्हणून तिलाच मान होता.

मुलगी वेदिका दुसरीत होती. मखमलाबाद रोडला नव्या बिल्डिंगांच्या मधोमध एक इंग्रजी शाळा आहे, तिथं सरकारी सोडतीत तिचा नंबर लागला होता. फी माफ. ज्या दिवशी नाव लागलं त्या दिवशी शुभांगीनं आजूबाजूच्या मळ्यांत पेढे वाटले आणि त्याच संध्याकाळपासून तिला नवा घोर लागला. ही फुकटातली पोरगी आहे हे तिथल्या मुलांना कळलं तर? मग तिनं वेदिकाला पढवायला सुरुवात केली. "कुणी विचारलं तर सांगायचं, पप्पांचा फुलांचा बिझनेस आहे. आणि शाळेत मला मम्मी म्हणायचं. आई घरी." वेदिका मान हलवायची. तिनं कधी कुठल्या गोष्टीला नाही म्हटलंच नव्हतं.

कारण पोरगी गरीब होती. हा शब्द तिच्या आजीचा, आणि सगळ्या भावकीचा. आपल्याकडे गाय गरीब असते, एखादी सून गरीब असते, त्यात पैशाचा काही संबंध नसतो. कुणाच्या अध्यात ना मध्यात, वर मान करून बोलणं नाही, तशी ती. बाकीची पोरं मळ्याच्या बांधावर चेंडू खेळायची तेव्हा ही कडेला बसून त्यांच्या चपला सांभाळायची. आजीशेजारी माळा करायला बसली की सुई अगदी नाकापाशी धरायची आणि आजी ओरडायची, "नाकात घालशील सुई!" टीव्ही लावला की ही पार काचेला चिकटलेली. एवढं सोडलं तर पोरीचा त्रास म्हणून नव्हता. आल्यागेल्याला नवसाबाई अभिमानानं सांगायची, "आमची वेदी लय गरीब."

शाळेत सोडायला-आणायला शुभांगीच जायची, जुन्या स्कूटीवर. सकाळी अंगात नवऱ्याचं राखाडी जर्किन. फाटकापाशी गाड्यांची दाटी असायची, म्हणून पोरीला फाटकात सोडून ती रस्त्यापलीकडच्या करंजाच्या झाडाखाली जाऊन थांबायची. वेदिका पायऱ्या चढून वर पोहोचली की वळून बघायची. शुभांगी हात हलवायची. पोरगी जरा वेळ तिकडे बघायची आणि हात न हलवता आत निघून जायची. बाकीची पोरं आपल्या आयांना उड्या मारमारून बाय करत, आणि हिनं एकदाही केला नाही. आईची लाज वाटत असेल, असं शुभांगीच्या मनात पहिल्यांदा आलं तेव्हा तिला स्वतःचाच राग आला. पण आलेला विचार काही गेला नाही.

दुपारी मात्र सगळं उलटं. दुपारी ती मळ्यातून तशीच उठून यायची, हात झेंडूच्या चिकानं काळे-पिवळे, डोक्याला नारिंगी ओढणी गुंडाळलेली. करंजाखाली ती उभी राहिली की वेदिका फाटकातून तिला बरोबर ओळखायची आणि हसत तिथंच थांबायची. मग शुभांगी रस्ता ओलांडून तिला घेऊन जायची. एवढ्या बायकांत पोरगी मला लांबून ओळखते, याचं तिला कोण कौतुक वाटायचं. सकाळचं दुखणं दुपारी असं भरून निघायचं.

गणपती उठले आणि मळा झेंडूनं भरून गेला. दसऱ्याच्या आधीचे ते दिवस, घरात कुणाला कुणाकडे बघायला वेळ नव्हता. अशा घाईत एकदा पोरीचा डबा घरीच राहिला. शुभांगी तो घेऊन शाळेत धावली. आवारात पांढरी गाडी उभी होती, कसली तरी तपासणी चालली होती, दात-बीत. तिनं तिकडे लक्ष दिलं नाही. डबा शिपाईमावशीच्या हातात देऊन ती वळली, तेवढ्यात व्हरांड्याच्या खांबाआड दोन मॅडम बोलत होत्या. त्यातली एक वेदिकाची वर्गशिक्षिका, हर्षाली मॅडम.

"मागच्या बाकावरची वेदिका पिंगळे ना? व्हेरी पुअर," हर्षाली मॅडम म्हणाल्या. "आपल्याला इतके दिवस कसं कळलं नाही?"

"पेरेंट्सना बोलवा मग," दुसरी म्हणाली. "लवकर."

शुभांगीचे कान तापले. पुअर म्हणजे गरीब हे तिला माहीत होतं आणि व्हेरी म्हणजे खूप हेही माहीत होतं. दहावीत जे इंग्रजी ऐन वेळी दगा देऊन गेलं होतं, ते आज नेमकं मदतीला धावलं. कळलं यांना. आता बोलावतील, कागद मागतील, आणि चारचौघांत पोरीला वेगळं काढतील. ती तशीच मागच्या मागं फिरली आणि स्कूटी काढून मळ्यात परतली.

संध्याकाळी पडवीत फुलांचा ढीग पडला होता. नवसाबाई आणि वेदिका माळा ओवत होत्या. योगेश, शुभांगीचा नवरा, क्रेट धुवत होता. शुभांगीनं सगळं न सांगता नुसता शब्द पुढे केला.

"अहो, पुअर म्हणजे काय हो?"

"इंग्रजी तुझं का माझं?" योगेश हसला. मग क्रेट उपडा ठेवत म्हणाला, "तो लग्नाच्या लॉन्सचा डेकोरेशनवाला नाय का, तो रोज म्हणतो. शेवंतीची पाटी उघडली का नाक मुरडतो, 'क्वालिटी पुअर हाय.' म्हंजे माल हलका. भाव पाडायचा शब्द हाय तो."

"आणि माणसाला म्हटलं तर?"

"कोणाला म्हटलं?"

शुभांगीनं वेदिकाकडे बघितलं. पोरगी सुई नाकाशी धरून फुलाचा देठ शोधत होती. "शाळेतल्या मॅडम म्हणल्या. वेदीला."

"मंग अभ्यासात हलकी असंल," योगेश म्हणाला आणि त्याचाही चेहरा उतरला.

नवसाबाईनं माळेला गाठ मारली. "काय म्हणल्या मॅडम? गरीब हाय? मंग हायेच की! एवढी गरीब पोरगी त्यांच्या साळंत दुसरी हाय का दाखवा म्हणावं. गुणाचं बोलल्या तर तुम्ही दोघं तोंड पाडून काय बसले?"

घरात एका शब्दाची तीन पिल्लं झाली आणि एकही शुभांगीला पटेना. हलकी म्हणावं तर योगेशनं तिथल्या तिथं पाढे विचारले, पोरीनं घडाघडा म्हटले. तोंडी हिशेबात तिनं बापाला मागं टाकलं. म्हणजे अभ्यासाचा प्रश्नच नव्हता. आणि स्वभावाचं कौतुक करायला कुणी आईबापांना 'लवकर' बोलावत नाही. चुलीपाशी जाऊन शुभांगीनं फोनमध्ये तो शब्द शोधला. फोननं शब्दांची रांगच उभी केली. पहिला शब्द गरीब. दुसरा दरिद्री. त्याखाली अजूनही पुष्कळ शब्द होते, पण दरिद्री वाचल्यावर तिला पुढचं बघायची हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी मॅडमचा मेसेज आला, कृपया शाळेत येऊन भेटा. शुभांगीनं उत्तर दिलं, तोडणी चालू आहे, नंतर येते. पुन्हा आला. तिनं सासूच्या तब्येतीचं कारण दिलं, आणि नवसाबाई त्या वेळी बांधावरून शेजारणीशी हाका मारून भांडत होती. तिसऱ्या मेसेजला तिनं उत्तरच दिलं नाही. योगेशला यातलं काही सांगितलं नाही. तो गेला असता, आणि सरळ माणूस, विचारलं तेवढं सगळं खरं सांगून आला असता. जेवढे दिवस आपण जात नाही तेवढे दिवस पोरगी शाळेत आहे, असा तिनं मनाशी हिशेब मांडला होता.

आणि जाण्याच्या आधी तिला जमेल तेवढी गरिबी झाकायची होती. दसऱ्याच्या मालाच्या भरवशावर तिनं वेदिकाला नवे चकचकीत बूट घेतले, चित्रांचा डबा घेतला, पाठीवरचं दप्तर बदललं. पोरीनं बूट हातात घेतले, डोळ्यांजवळ नेऊन बघितले आणि म्हणाली, "छान आहेत." त्यापलीकडे उड्या नाहीत, नाचणं नाही. "किती गरीब गं माझी बाय," नवसाबाई म्हणाली. शुभांगीला तो शब्द आता ऐकवत नव्हता. ती सासूवर खेकसली, "आत्याबाई, तो शब्द काढू नका घरात!" नवसाबाई आ वासून बघत राहिली.

मग आलं नवरात्र. नऊ दिवसांचे नऊ रंग, हे आता गावातल्या बँकेपासून शाळेच्या फाटकापर्यंत सगळीकडे पोहोचलंय. ज्या दिवशी जो रंग, त्या दिवशी सगळ्या बायका त्याच रंगात. फाटकाशी उभ्या राहणाऱ्या आया एकत्र फोटो काढायच्या. गेल्या वर्षी शुभांगीनं पलीकडे करंजाखालून ते नुसतं बघितलं होतं. माळ्याच्या बायकोला नवरात्रात एकच रंग, झेंडूचा. या वर्षी मात्र तिनं ठरवलं की आपणही त्यांच्यात उभं राहायचं. मॅडमनी बघू दे. सगळ्यांनी बघू दे.

त्या दिवशीचा रंग निळा होता. चुलत जावेकडून तिनं निळा ड्रेस मागून आणला. दुपारी हात लिंबानं घासघासून चिक काढला, केस मोकळे सोडून क्लिप लावली आणि वेळेआधी जाऊन थेट फाटकाशी उभी राहिली, बाकीच्या निळ्या बायकांमध्ये. एकीनं तिच्याकडे बघून हसून जागा करून दिली. कुणी काही विचारलं नाही. एवढं सोपं होतं तर आपण इतके दिवस रस्त्यापलीकडे का उभ्या होतो, असंही तिला वाटून गेलं.

शाळा सुटली. वेदिका फाटकात आली. शुभांगीनं हात वर केला. पोरीनं समोरच्या बायकांवरून नजर फिरवली. ती नजर शुभांगीवर आली, क्षणभर थांबली आणि पुढे गेली. शुभांगीनं आणखी जोरात हात हलवला. पुन्हा पोरीनं तिच्या दिशेनं बघितलं. अगदी तिच्याकडे. आणि तोंड फिरवलं.

शुभांगीचा हात खाली आला. ही मला ओळख दाखवत नाही. एवढं नटून आले, यांच्यातली झाले, तरी हिला माझी लाज वाटते. डोळ्यांत पाणी उभं राहिलं आणि हाक मारायला उघडलेलं तोंड तसंच मिटलं. मारली असती हाक तर पुढचं घडलं नसतं, ही गोष्ट तिला आजही छळते.

रस्त्यापलीकडे, करंजाच्या झाडाखाली, रस्त्याच्या खोदकामावरची एक बाई बसली होती. अंगात कामगारांचं नारिंगी जाकीट. तिचं पाणी पिऊन झालं, ती उठली आणि पाठ फिरवून चालू लागली. वेदिकानं ते नारिंगी बघितलं. एरवी जागेवर थांबणारी ती गरीब पोरगी घाबरली, कारण आई तिला न घेताच निघाली होती.

"आई! आई, थांब!"

ती धावत सुटली. डावीकडून मुलांची व्हॅन येत होती. ब्रेक असे कर्कश वाजले की फाटकावरच्या सगळ्या निळ्या बायका एकदम किंचाळल्या. व्हॅन पोरीच्या दप्तराला घासून थांबली. नवं दप्तर रस्त्यावर पडलं, डबा उघडून घरंगळत गेला. वेदिका पलीकडे पोहोचली होती. तिनं त्या बाईचा हात दोन्ही हातांनी धरला होता आणि वर न बघताच म्हणत होती, "तू कुठं चालली? मला सोडून कुठं चालली?"

ती बाई गोंधळून खाली वाकली. "कोणाची गं तू? मी तुझी आई नाय, बाळा."

वेदिकानं तो चेहरा जवळून बघितला आणि हात सोडून दिला.

शुभांगी कशी पोहोचली ते तिला कळलं नाही. तिनं पोरीला उचललं, चाचपलं, मग एक धपाटा घातला, मग छातीशी धरलं. "मी समोर होते ना गं! फाटकाशी! हात हलवत होते ना तुला! दिसले नाही का?"

आवाज ओळखून वेदिकानं तिच्या गळ्याला मिठी मारली. ती रडत रडत म्हणाली, "तिथं तू नव्हती. तिथं सगळं निळंच होतं."

"अगं, त्या निळ्यातच होते मी. तुझ्याकडंच बघत होते. तू पण बघितलं माझ्याकडं."

"तोंड नाही दिसत लांबून," वेदिका म्हणाली, जणू सगळ्यांनाच दिसत नसतं.

हर्षाली मॅडम धावत आल्या होत्या. त्यांच्या हातात पोरीचं दप्तर होतं. "वेदिकाच्या आई ना तुम्ही? अहो, किती निरोप पाठवले मी तुम्हाला!"

शुभांगीचा बांध फुटला. "मॅडम, आम्ही गरीब असू, पण कुणाचं काही बुडवलेलं नाही. सोडतीत नाव आलं म्हणून आली ती इथं. तिला काढू नका."

"काढायचं? कोण म्हणालं काढायचं?"

"तुम्हीच म्हणालात ना. मी ऐकलं माझ्या कानानं. व्हेरी पुअर."

हर्षाली मॅडम तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांना उमगलं आणि त्यांचा चेहरा पडला. "अहो, ते नजरेबद्दल होतं. डोळे तपासायला आले होते त्या दिवशी. नजर पुअर आहे तिची, म्हणजे अधू. फळ्यावरचं काही दिसत नाही तिला. मेसेजवर लिहून घाबरवायला नको, म्हटलं समोर बसून सांगू." त्या थांबल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "आणि मीच तिला मागं बसवलं होतं. शांत आहे, त्रास देत नाही, म्हणून."

रस्त्यावरची वाहनं पुन्हा सुरू झाली. व्हॅनवाला अजून बडबडत होता. शुभांगीला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. तिला एकामागून एक आठवत होतं. बांधावर चपला सांभाळत बसलेली पोरगी. चेंडू येताना दिसत नाही तर ती खेळणार काय? डोळ्यांजवळ नेलेले बूट. नाकाशी धरलेली सुई. कडुनिंबावर मोर बसला होता तेव्हा सगळी पोरं नाचत होती आणि ही विचारत होती, कुठंय? सगळे हसले होते आणि हीही हसली होती. ज्याला सगळं घर कौतुकानं गरीब स्वभाव म्हणत होतं, ते पोरीचं न दिसणं होतं. आणि न दिसणाऱ्या पोरीला आपण चकचकीत बूट आणून दिले, आणि तिला दिसणारी एकच खूण, ती नारिंगी ओढणी, लाज वाटते म्हणून घरी ठेवून आलो. शुभांगी त्या करंजाखाली मातीतच बसली, जावेचा निळा ड्रेस तसाच चुरगाळत.

त्याच संध्याकाळी योगेश दोघींना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. झेंडू तोडायचा राहिला, राहू दे म्हणाला. डॉक्टर रागावले नाहीत, एवढंच म्हणाले की आणखी उशीर झाला असता तर अवघड होतं, आणि आता नियमित दाखवत राहा. शुभांगीनं त्यांना पुन्हा पुन्हा विचारलं, नंबर वाढेल का, नजर जाईल का, लग्नाच्या वेळी अडचण येईल का. योगेशनं तिला कोपरानं ढोसलं. परतताना स्कूटीवर मागे बसून तिनं फोन उघडला, तो शब्द पुन्हा काढला आणि या वेळी बोट खालीपर्यंत नेलं. गरीब, दरिद्री, बिचारा, निकृष्ट, अपुरा, कमजोर. सगळे तिथंच होते. तिनं दुसऱ्या शब्दावर वाचणं सोडलं होतं.

घरी नवसाबाईनं सगळं ऐकलं. मग नातीला मांडीवर ओढून तिचे डोळे पदरानं पुसत म्हणाली, "मीच म्हणायची का गं गरीब गरीब... म्हातारीला कळू नये?" आणि हुंदका आवरल्यावर तिला इंग्रजांचा राग आला. "आपल्यात बघा. माल हलका, गणित कच्चं, जमीन भरड, नजर अधू. ज्याचं त्याला नाव. आन् त्या मेल्यांकडं सगळ्याला एकच शब्द? खरी गरिबी तर त्यांच्याच घरात हाय!" त्या दिवसात शुभांगी पहिल्यांदा हसली, आणि हसता हसता पुन्हा रडली.

चष्मा दसऱ्याच्या आदल्या दिवशी आला. दसऱ्याला योगेशनं स्कूटी, वजनकाटा आणि कोयत्याबरोबर पाटावर तो चष्माही मांडला, त्यालाही झेंडूचं फूल वाहिलं. शुभांगीची काळजी काही संपली नव्हती. खेळताना फुटेल का, पोरं चिडवतील का, नाकाला काच रुतेल का, हे चालूच होतं. पण वेदिका दिवसभर मळ्यात फिरून सगळ्यांना लांबून ओळखून दाखवत होती आणि बापाला सांगत होती की तुम्हाला मागून टक्कल पडतंय.

सुट्टीनंतर शाळा उघडली. शुभांगीनं पोरीला फाटकात सोडलं. आज तिथं थांबायला तिला कुणी अडवलं नसतं, पण पाय आपोआप रस्ता ओलांडून करंजाखाली गेले. अंगात तेच राखाडी जर्किन. वेदिका पायऱ्या चढून वर पोहोचली आणि सवयीनं वळली. चष्मा बोटानं वर सारला. शुभांगीनं हात वर केला, आणि या वेळी हलवायला तिला धीर होईना, नुसताच वर धरून ठेवला.

वेदिका बघत राहिली. मागून मुलं तिला ढकलून आत जात होती तरी ती हलली नाही. मग तिनं हळूच हात वर केला. मग दोन्ही हात. शिपाईमावशीनं तिला आत नेईपर्यंत ती हात हलवत होती.

दुपारी घरी जाताना ती स्कूटीवर पुढे उभी होती. पेठ रोडचं वळण गेल्यावर म्हणाली, "आई, तू रोज तिथं उभी असते?"

"रोज."

"आणि रोज हात करते?"

"पहिलीत नाव घातलं त्या दिवसापासून."

वेदिकानं चष्मा काढला. मग तो फ्रॉकला पुसत म्हणाली, "मी वळून बघायचे ना, तेव्हा झाडच दिसायचं नुसतं. मला वाटायचं, तुला लाज वाटते माझी, म्हणून तू मला सोडून लगेच निघून जाते."

शुभांगीनं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली.